रापानुई लोक नामशेष झाले का? एका शिक्षकांच्या तीन प्रश्नांना उत्तर

तुम्ही नववीला इतिहास शिकवता. वर्गाने ‘नामशेष झालेल्या संस्कृती’ असा प्रकल्प घेतला, त्यात सिंधू संस्कृतीशेजारी ईस्टर बेट, म्हणजे रापानुई लोकांचं पॅसिफिक महासागरातलं बेट, आलं, आणि मुलांच्या शंका घेऊन तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. झाडं तोडून तोडून या लोकांनी स्वतःचाच नाश ओढवून घेतला, हे खरं का? त्यांची लिपी मोहेंजोदडोच्या लिपीशी जुळते असं वाचनात आलं, त्यात तथ्य आहे का? आणि त्यांची भाषा कशी होती?

पॉलिनेशियन, म्हणजे पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या एका कुळातल्या, भाषांची आपसांत तुलना करणं हे गेली पंचवीसेक वर्षं माझं काम आहे. त्यामुळे मी तुमच्या तिसऱ्या प्रश्नातल्या ‘होती’ या शब्दापाशीच थांबले. भाषा आहे. ती बोलणारी माणसं आहेत. बेट आज चिली देशाच्या ताब्यात आहे. २०१७ च्या चिलीच्या जनगणनेत बेटावर ७,७५० लोक होते आणि त्यांतल्या निम्म्याहून थोड्या कमी लोकांनी स्वतःला रापानुई म्हणून नोंदवलं. शिवाय कितीतरी कुटुंबं चिलीच्या मुख्य भूमीवर राहतात. तेव्हा प्रकल्पाचं शीर्षक तेवढं आधी बदलून घ्या, ही पहिली विनंती. बाकीचं सविस्तर सांगते.

नावांपासून सुरुवात करू. बेट लिहिताना ‘रापा नुई’ असे दोन शब्द लिहितात. लोक आणि भाषा यांच्यासाठी ‘रापानुई’ असा एकच. ‘ईस्टर’ हे नाव डच दर्यावर्दी याकोब रोखेवेनने दिलं, कारण तो तिथे पोचला तो दिवस, ५ एप्रिल १७२२, ईस्टरचा रविवार होता. त्या पहिल्याच भेटीत डचांच्या बंदुकांनी दहा-बारा बेटवासी मारले गेले. मुलांना नाव सांगताना हेही सांगा. बेटाचं आणखी एक जुनं नाव आहे, ‘ते पितो ओ ते हेनुआ’. ‘पितो’ म्हणजे बेंबी आणि ‘पितो’ म्हणजे टोकही. त्यामुळे ‘पृथ्वीची नाभी’ आणि ‘भूमीचं टोक’ असे दोन्ही अर्थ त्यात बसतात. नकाशा पाहिला की दोन्ही पटतात. बेट जेमतेम १६४ चौरस किलोमीटरचं. सगळ्यांत जवळची वस्ती म्हणजे पिटकेर्न, तीही सुमारे दोन हजार किलोमीटरवर. चिलीचा किनारा साडेतीन हजार किलोमीटर दूर.

इतक्या दूर माणूस पोचला तो पश्चिमेकडून, मार्केसास आणि मांगारेवा या पॉलिनेशियातल्या बेटांच्या बाजूने, जोडहोड्यांतून, साधारण इ. स. १२०० च्या सुमाराला. रापानुई परंपरा सांगते की हाउ माका नावाच्या जाणत्याला स्वप्नात बेट दिसलं, आधी सात तरुण शोधाला गेले आणि मग होतु मातु’आ हा राजा हिवा नावाच्या देशातून आपली माणसं, रोपं आणि कोंबड्या घेऊन आनाकेनाच्या पुळणीवर उतरला. आनाकेनातल्या उत्खननात फार जुन्या वस्तीच्या खुणा सापडल्या आहेत. नॉर्वेच्या ‘थोर हेयरडाल’ नावाच्या संशोधकाने १९४७ मध्ये तराफ्यावरून पॅसिफिकमधला मोठा पल्ला गाठला आणि हे लोक दक्षिण अमेरिकेतून आले असं मांडलं. भाषा, अवजारं, जनुकं यांपैकी कशानेच ते टिकलं नाही. मात्र त्यात एक खरा धागा होता. रापानुई लोकांच्या जुन्या अवशेषांत सुमारे दहा टक्के वंशभाग अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा निघतो आणि ही भेट १२५० ते १४३० च्या दरम्यान झाली असावी. म्हणजे पॉलिनेशियन माणसं अमेरिकेपर्यंत जाऊन आली असण्याचा संभव मोठा आहे. पुरावा जमिनीतही आहे: रताळं. ते मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, आणि पॉलिनेशियात युरोपीय जहाजं येण्याच्या कितीतरी आधीपासून ‘कुमारा’ या नावाने पिकत होतं. आपल्या उपवासाच्या ताटात तेच रताळं नंतर, युरोपीय जहाजांच्या वाटेने आलं.

आता तुमचा पहिला प्रश्न. २००५ सालच्या एका गाजलेल्या इंग्रजी पुस्तकाने ही गोष्ट घराघरांत पोचवली: बेटावरच्या प्रचंड दगडी मूर्ती ओढायला झाडं तोडली, झाडं संपली, माती वाहून गेली, उपासमार झाली, लोक एकमेकांवर तुटून पडले आणि १६०० नंतर लोकसंख्या कोसळली. पर्यावरणाच्या धड्यात ती फार सोयीची पडते म्हणून आजही सांगितली जाते. त्यातला खरा भाग एवढाच की बेटावर पूर्वी ताडाच्या जातीचं दाट जंगल होतं आणि ते गेलं. शेतीसाठी ते जाळलं-तोडलं गेलं, आणि माणसांबरोबर होड्यांतून आलेल्या उंदरांनी ताडाच्या बिया कुरतडल्यामुळे नवी झाडं उगवेनाशी झाली. पुढची उपासमार आणि कोसळणं मात्र पुराव्यात सापडत नाही. २०२४ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयातल्या पंधरा रापानुई पूर्वजांच्या अवशेषांतली जनुकं तपासली गेली, तीही बेटावरच्या प्रतिनिधींशी बोलून. लोकसंख्या मध्येच कोसळली असती तर तिचा ठसा वंशजांच्या जनुकांत राहिला असता. तसा ठसा नाही. उलट १८६० च्या दशकापर्यंत लोकसंख्या हळूहळू वाढतच होती असं दिसतं.

मग जंगलाविना हे लोक जगले कसे? मला स्वतःला मूर्तींपेक्षा त्यांची शेती जास्त थक्क करते. बेटावर बारमाही नदी नाही, वारा सतत झोडपतो, माती निकस. त्यांनी काय केलं, तर दगड फोडून शेतात पसरले. दगडांखाली ओल टिकते, दिवसाची ऊब रात्री मिळते, वाऱ्याने माती उडत नाही आणि ताज्या फुटलेल्या दगडातले क्षार पावसाबरोबर मुळांपर्यंत उतरतात. अशा शेतात रताळी. आणि ‘मानावाई’ म्हणजे कोकणातल्या गडग्यासारखी कोरड्या दगडांची गोल भिंत. तिच्या आडोशाला अळू आणि केळी. गोड्या पाण्यासाठी तीन ज्वालामुखींच्या मुखांतली तळी, आणि किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी जमिनीतून पाझरणारं पाणी. ज्या ओट्यांवर मूर्ती उभ्या होत्या त्यांतले बरेचसे या झऱ्यांच्या जवळ आहेत, हे अलीकडे अभ्यासकांच्या ध्यानात आलं. ज्यांनी एवढं जमवलं त्यांना ‘आत्मघातकी’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

मूर्तींबद्दल मुलं विचारतीलच. एकूण हजाराच्या घरात. बहुतेक सगळ्या रानो राराकु या ज्वालामुखीच्या उतारावर, राख घट्ट होऊन झालेल्या दगडातून कोरलेल्या. चारशेच्या आसपास अजून तिथेच आहेत, काही अर्धवट कोरलेल्या, अंग डोंगरापासून सुटलेलंही नाही. ‘मोआई’ हा शब्द सगळ्यांना माहीत असतो. रापानुई माणूस त्यांना ‘आरिंगा ओरा’ म्हणतो, जिवंत चेहरा. मूर्ती देवाची नसे, कुळातल्या दिवंगत पूर्वजाची असे. म्हणून ती समुद्राकडे पाठ करून वस्तीकडे पाहत उभी राही. (आहु आकिवी या ओट्यावरच्या सात मूर्ती समुद्राच्या दिशेने पाहतात, पण त्या किनाऱ्यापासून आत आहेत आणि वस्ती त्यांच्यापुढेच होती.) मूर्ती ओट्यावर उभी राहिली की डोळे बसवत: पांढऱ्या पोवळ्याचे, आत तांबड्या किंवा काळ्या दगडाची बाहुली. १९७८ मध्ये आनाकेनाच्या उत्खननात सोनिया हाओआ या रापानुई पुरातत्त्वज्ञ बाईंना तसा डोळा सापडला. तोवर कित्येक जण त्या खोबण्या रिकाम्याच असत असं धरून चालले होते. मूर्तीला डोळे लावल्यावरच ती पाहू लागते, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि मूर्ती नेल्या कशा? बेटावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर देत आली: त्या चालत गेल्या. परक्यांनी ती भाकडकथा मानली आणि ओंडक्यांवरून घरंगळवण्याचे हिशेब मांडत बसले. जंगलतोडीच्या गोष्टीला हेच ओंडके लागत होते. २०१२ मध्ये टेरी हंट आणि कार्ल लिपो या पुरातत्त्वज्ञांनी सव्वाचार टनांहून जड अशी प्रतिकृती तीन दोर बांधून १८ माणसांकडून हलवली. दोन बाजूंचे दोर आलटून पालटून ओढायचे, मागचा दोर तोल धरतो आणि मूर्ती डुलत डुलत पुढे जाते. आपण जड कपाट असंच एकेका कोपऱ्यावर पेलत सरकवतो. वाटेत पडून राहिलेल्या मूर्तींचे तळही याच चालीला साजेसे, पुढे झुकलेले आहेत. रापानुई भाषेत या चालीला शब्दही आहे, ‘नेके नेके’. लोकांच्या तोंडी असलेलं ज्ञान आधी ऐकून घ्यावं, हे भाषेच्या अभ्यासात मला रोज शिकावं लागतं.

तर मग माणसं कुठे गेली? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण माझ्या मते प्रकल्पाच्या मध्यभागी तोच यायला हवा.

डिसेंबर १८६२ मध्ये पेरूहून जहाजं आली. पेरूत मळ्यांवर आणि घरकामाला मजूर हवे होते आणि पॅसिफिकची बेटं त्यांना फुकटचं मनुष्यबळ वाटत होती. काही महिन्यांत जवळजवळ दीड हजार माणसं पकडून नेली, बेटाच्या लोकसंख्येचा किमान तिसरा हिस्सा. त्यांत राजघराण्यातले लोक होते आणि जाणते लोकही होते. पेरूत बहुतेक जण आजाराने आणि कष्टाने मेले. बोभाटा झाल्यावर पेरू सरकारने उरलेल्यांना परत धाडायचं ठरवलं. शंभरेक जणांना जहाजावर चढवलं, त्यांतले पंधराएक जिवंत पोचले, आणि त्यांच्याबरोबर देवीची साथ पोचली. साथीने बेट धुऊन काढलं. मग क्षयाने गाठलं. १८६८ मध्ये झाँ-बाप्तिस्त द्युत्रू-बोर्निए हा फ्रेंच माणूस आला, त्याने जमिनी बळकावून मेंढ्या आणल्या आणि लोकांना हुसकावायला सुरुवात केली. शेकडो जण मिशनऱ्यांबरोबर ताहिती आणि मांगारेवाला गेले. १८७६ मध्ये बेटवासीयांनी द्युत्रू-बोर्निएला ठार केलं. पुढच्या वर्षी मोजदाद झाली तेव्हा बेटावर १११ माणसं होती. आजच्या रापानुई घराण्यांच्या वंशावळी त्यांतल्या फक्त ३६ जणांपर्यंत जातात.

हा आकडा फळ्यावर लिहून वर्गाला थोडा वेळ द्या. झाडांची गोष्ट सांगितली की या पंधरा वर्षांचा दोष बळी पडलेल्यांवरच येतो. म्हणूनच ती गोष्ट दुरुस्त करण्याचा मी आग्रह धरते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच पंधरा वर्षांत दडलं आहे. त्यांच्या लिपीचं नाव ‘रोंगोरोंगो’, म्हणजे पठण, सुरात म्हणणं. लाकडी फळ्यांवर, काठ्यांवर बारीक चिन्हांच्या ओळी कोरलेल्या असत. शार्कच्या दाताने आणि काळ्या ज्वालामुखी काचेच्या धारेने कोरत असं परंपरा सांगते. माणसं, पक्षी, मासे, झाडंझुडपं, चंद्रकोरी. वाचायची रीत मोठी मौजेची आहे. औत हाकताना एक तास संपलं की बैल वळवून शेजारचं तास उलट्या दिशेने धरतात, तशा ओळी आहेत. त्यात भर म्हणजे प्रत्येक दुसरी ओळ डोक्यावर उभी. एक ओळ संपली की फळी हातात फिरवायची आणि पुढे वाचायचं. १८६४ मध्ये पहिला मिशनरी युजेन एरो बेटावर आला तेव्हा त्याला घराघरांत अशा फळ्या दिसल्या, पण त्या वाचणारं कोणी त्याला भेटलं नाही. ताहितीचे बिशप झोसाँ यांना बेटावरून भेट म्हणून केसांची दोरी आली, ती अशाच एका फळीला गुंडाळलेली होती. त्यांनी मग फळ्या गोळा करवल्या आणि मेतोरो नावाच्या रापानुई मजुराला ताहितीत समोर बसवून वाचून घेतलं. मेतोरो गाऊ लागला, पण तो चित्रात काय दिसतं तेवढंच सांगत होता असं पुढे अभ्यासकांच्या लक्षात आलं. १९१४ मध्ये कॅथरीन राउटलेज या ब्रिटिश संशोधक बेटावर असताना त्यांना कुष्ठरोग्यांच्या वस्तीत तोमेनिका नावाचा म्हातारा भेटला. त्याला थोडी चिन्हं येत होती, त्याने कागदावर काढूनही दाखवली. नंतर थोड्याच दिवसांत तो गेला.

आज जगभरात अशा जेमतेम पंचवीस वस्तू उरल्या आहेत आणि त्यांतली एकही बेटावर नाही. थॉमस बार्तेल या जर्मन अभ्यासकाने १९५८ मध्ये सगळ्या मजकुराची सूची केली आणि सहाशेच्या आसपास चिन्हांना क्रमांक दिले. ‘मामारी’ नावाच्या फळीवर चांद्रमासाच्या रात्रींचा क्रम त्यांनी ओळखला. एवढाच एक तुकडा आहे ज्याच्या विषयावर अभ्यासकांचं बऱ्यापैकी एकमत आहे. ही लिपी युरोपीय लोकांची लिखापढी पाहून सुचली असावी, असंही एक मत जोरात होतं. २०२४ मध्ये रोममधल्या चार फळ्यांच्या लाकडाचं वय मोजलं, त्यांतल्या एकीचं लाकूड १४९३ ते १५०९ या काळातलं निघालं, रोखेवेनच्या दोनशे वर्षं आधीचं. लाकूड आधी तोडलं आणि चिन्हं कितीतरी नंतर कोरली असंही होऊ शकतं, म्हणून एका फळीवर निकाल देता येत नाही. तरी ही लिपी बेटावर स्वतंत्रपणे जन्मली असावी या बाजूला वजन वाढलं. तसं असेल तर माणसाने लिपी शून्यातून शोधली अशा जगातल्या मोजक्या जागांत हे इवलंसं बेट जमा होतं.

आता मोहेंजोदडो. १९३२ मध्ये गियोम द हेवेशी या संशोधकांनी पॅरिसमध्ये सिंधू लिपीची आणि रोंगोरोंगोची चिन्हं शेजारी शेजारी मांडून दाखवली आणि खळबळ उडाली. तक्ते अजूनही फिरतात, तुमच्या मुलांनी तेच पाहिले असणार. एक प्रयोग करा. पृथ्वीगोल घ्या, जैसलमेरवर एक बोट ठेवा आणि गोलाच्या बरोबर विरुद्ध बाजूला दुसरं बोट न्या. ते रापा नुईवर पडेल. म्हणजे हा दावा पृथ्वीवरच्या एकमेकांपासून जवळजवळ सर्वांत लांब असलेल्या दोन जागांना जोडतो. काळाचं अंतर त्याहून वाईट आहे. सिंधू लिपी इ. स. पू. १९०० च्या सुमाराला वापरातून गेली आणि रापा नुईवर माणूस पोचला तो त्यानंतर तीन हजार वर्षांनी. मधल्या तीन हजार वर्षांत, मधल्या हजारो किलोमीटरांत या लिपीचा कुठे मागमूस नाही. आणि काडीसारखी माणसं, मासे, पक्षी असे आकार दोन्हीकडे शेकड्यांनी असले की वीस-पंचवीस जोड्या आपोआप जुळतात. आल्फ्रेड मेत्रो हे मानवशास्त्रज्ञ १९३४-३५ मध्ये बेटावर राहून आले आणि त्यांनी या दाव्याची हवा काढली. आपल्याकडचं नाव त्यात आहे म्हणून आपल्याला तो प्यारा वाटतो, हे मी समजू शकते. पण दोन न वाचता आलेल्या लिप्या एकमेकींना वाचून दाखवू शकत नाहीत.

भाषेकडे येते, माझा जीव जिथे रमतो तिथे.

रापानुई ही पूर्व पॉलिनेशियन भाषा. न्यूझीलंडची माओरी, ताहितीची ताहितीयन, हवाईची हवाईयन या तिच्या बहिणी. घराला माओरीत ‘फारे’, हवाईयनमध्ये ‘हाले’, रापानुईत ‘हारे’. जमिनीला माओरीत ‘फेनुआ’, रापानुईत ‘हेनुआ’. पक्षी ‘मानु’, डोळा ‘माता’, पाणी ‘वाई’. १७७४ मध्ये कॅप्टन कुक आला तेव्हा त्याच्या जहाजावर बोरा बोराचा एक तरुण होता, त्याला बेटावरचं बोलणं बरंचसं कळलं. पाच स्वर, ऱ्हस्व आणि दीर्घ, व्यंजनं फक्त दहा. त्यांतलं एक व्यंजन म्हणजे घशात क्षणभर श्वास अडवणं. इथे मी ते ’ या खुणेने दाखवते आहे. पॉलिनेशियन कुळाच्या मूळ भाषेत हे व्यंजन होतं, बहुतेक बहिणींनी ते गमावलं, रापानुईने जपलं. दुसरं एक व्यंजन मराठी मुलांना ओळखीचं आहे आणि नाहीही: ङ. आपण तो वर्णमालेत घोकतो, ‘वाङ्मय’मध्ये लिहितो, पण त्याने शब्द कधी सुरू करत नाही. रापानुई करते. तळ्यात उगवणाऱ्या लव्हाळ्याला ती ‘ङा’आतु’ म्हणते. डोंगर ‘माउङा’, माणूस ‘ताङाता’. बेटावरच्या एकमेव गावाचं नाव हांगा रोआ असं छापतात, उच्चार ‘हाङा रोआ’, लांब उपसागर. देवनागरी या भाषेला रोमन लिपीपेक्षा कितीतरी बरी बसते, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

पण मराठी वर्गात शिकवायची सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे सर्वनामं. इंग्रजीत ‘वुई’ एकच, स्पॅनिशचंही तसंच. आपल्याकडे दोन आहेत: ‘आपण जाऊ’ म्हटलं की ऐकणारा त्यात आला, ‘आम्ही जाऊ’ म्हटलं की तो बाहेर राहिला. रापानुईत नेमका हाच भेद आहे. ‘तातोउ’ म्हणजे आपण, ‘मातोउ’ म्हणजे आम्ही. त्यात आणखी बारकावा: दोघांसाठी वेगळी जोडी. ‘ताउआ’ म्हणजे आपण दोघं, ‘माउआ’ म्हणजे आम्ही दोघं. इंग्रजी माध्यमातल्या भाषाशास्त्राच्या वर्गात हे समजवायला मला तास लागतो. मराठी मुलांना एका वाक्यात कळेल.

मालकी दाखवण्याची रीत त्याहून खोल आहे. मराठीत ‘माझा, माझी, माझं’ हे पुढच्या नामाच्या लिंगावर ठरतं. रापानुईत ते नात्याच्या जातीवर ठरतं. माझं मूल, ‘ता’आकु पोकी’. माझे आईवडील, ‘तो’ओकु मातु’आ’. ‘आ’चा गट आणि ‘ओ’चा गट. मुलं, जोडीदार, अन्न हे ‘आ’मध्ये. आईवडील, भावंडं, शरीराचे अवयव, राहतं घर, होडी हे ‘ओ’मध्ये. ढोबळपणे सांगायचं तर ज्याला मी जन्माला घातलं, मिळवलं, ज्याची जबाबदारी माझी, ते एका बाजूला. ज्याच्यातून मी आले किंवा जे मला धरून ठेवतं, ते दुसऱ्या बाजूला. वाक्यात क्रियापद बहुधा सुरुवातीला येतं, आपल्या अगदी उलट.

१८६० नंतरच्या वाताहतीच्या खुणा भाषेवर दिसतात. ताहितीला गेलेले काही जण परत आले, बायबल आणि प्रार्थना ताहितीयन भाषेतून आल्या. आज रापानुई माणूस भेटल्यावर ‘इओराना’ म्हणतो आणि आभार मानताना ‘माउरुउरु’. दोन्ही शब्द ताहितीचे. मोजतानाही ‘हो’ए, पिती, तोरु, माहा, पाए’ असे ताहितीयन अंक ऐकू येतात. त्यानंतर स्पॅनिश आली.

ती कशी आली हे थोडक्यात सांगते. ९ सप्टेंबर १८८८ रोजी चिलीच्या नौदलाचा पोलिकार्पो तोरो आणि बेटाचा प्रमुख आतामु तेकेना यांच्यात करार झाला. रापानुई घरांत सांगतात की आतामु तेकेनाने मूठभर माती आणि गवत उपटलं, गवत तोरोच्या हाती दिलं आणि माती आपल्या अंगरख्यात ठेवली. गवत तुमचं, जमीन आमची. करार दोन भाषांत होता आणि दोन्हींचा अर्थ एक नव्हता, हे दुखणं आजही चालू आहे. चिलीने बेट मेंढपाळीच्या कंपनीला भाड्याने दिलं. १९५३ पर्यंत विल्यमसन-बालफोर कंपनीच्या मेंढ्या सगळ्या बेटावर मोकळ्या चरत आणि माणसं हाङा रोआच्या कुंपणाआड. १९१४ मध्ये आंगाता नावाच्या वृद्ध स्त्रीने आपल्याला स्वप्नात देवाचा आदेश झाला असं सांगून लोकांना उठवलं आणि कंपनीची गुरंमेंढरं ताब्यात घ्यायला लावली. तो उठाव दडपला गेला. १९३३ मध्ये सगळी जमीन सरकारच्या नावावर चढली. नंतर नौदलाचा अंमल. परवानगीशिवाय बेट सोडता येत नसे. १९६४ च्या अखेरीला आल्फोन्सो रापु या तरुण शिक्षकाच्या पुढाकाराने आंदोलन झालं, आणि १९६६ च्या कायद्याने रापानुई लोकांना चिलीचे नागरिक म्हणून मताचा हक्क मिळाला. १९६६! मग विमानं आली, शाळा, कचेरी, दूरचित्रवाणी आली, सगळी स्पॅनिशमधून. आईबाप मुलांशी स्पॅनिश बोलू लागले. ती कुठल्याही लहान भाषेची नेहमीची वाट आहे.

२००० पासून गावातल्या शाळेत खालच्या इयत्तांना रापानुई माध्यमातून शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. दर फेब्रुवारीत ‘तापाती’ उत्सव भरतो: अंगावर रंगीत मातीची चित्रं, गाणी, केळीच्या खोडांवर बसून डोंगराच्या उतारावरून घसरण्याची जीवघेणी शर्यत, आणि ‘काइ काइ’, म्हणजे दोन हातांत दोरा गुंफून आकृती करता करता म्हणायची पारंपरिक पदं. माझ्या लेखी काइ काइ मोलाचं आहे, कारण त्या पदांत जुने शब्द हाताच्या हालचालीबरोबर टिकून राहिले. २०१७ पासून पुरातन स्थळांचा कारभार ‘मा’उ हेनुआ’ या रापानुई संस्थेकडे आहे. महासाथीत बेट दोन वर्षांहून अधिक काळ बंद राहिलं, पर्यटन थांबलं, तेव्हा लोकांनी पुन्हा मळे लावले आणि ‘उमांगा’, म्हणजे एकमेकांच्या कामाला हात लावण्याची जुनी रीत, पुन्हा सुरू केली.

आणि मूर्तींचं काय? १८७० मध्ये सांतियागोला नेलेली एक मोआई २०२२ मध्ये परत आली. १८६८ मध्ये ब्रिटिश युद्धनौकेने बेटावरच्या ओरोंगो या जागेहून उचललेली ‘होआ हाकानानाइ’आ’ मात्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येच आहे. ती आपल्या सह्याद्रीसारख्या काळ्या बसाल्टची, आणि पाठीवर पक्षिमानवाची चित्रं. ओरोंगोच्या कड्यावरून उतरून, पोहत मोतु नुई या खडकाळ बेटावर जायचं आणि ‘मानुतारा’ पक्ष्याचं हंगामातलं पहिलं अंडं आणायचं, ज्याचं अंडं पहिलं त्याचा धनी वर्षभर ‘ताङाता मानु’, ही प्रथा त्या चित्रांत आहे. २०१८ मध्ये रापानुई प्रतिनिधी लंडनला जाऊन ती मूर्ती परत मागून आले.

तुम्ही शेवटी लिहिलंत की फलकावर मुलांनी लिहावं असं काहीतरी रापानुई सांगा. ताहितीहून येण्याआधीचे, बेटाचे स्वतःचे अंक द्या: ताही, रुआ, तोरु, हा, रिमा, ओनो, हितु, वा’उ, इवा, आङाहुरु. ‘रिमा’ म्हणजे पाच आणि ‘रिमा’ म्हणजे हातही, आपल्या ‘पंजा’त पाच आहेत तसेच. दहावा शब्द म्हणताना ङ नाकात नीट घुमवायला सांगा, ‘आंगाहुरु’ होऊ देऊ नका.